सदोबा ऐकायला शिकतो

कवठेवाडीत भोळ्या माणसांची तशी वानवा नव्हती. पण त्या सगळ्या भोळ्यांनी मिळून ज्याला हात जोडावेत असा एक भोळा तिथं राहायचा. त्याचं नाव सदोबा. अंगानं धिप्पाड, मनानं लोण्याचा गोळा, आणि डोक्यानं... डोक्याचं पुढं येईलच.

सदोबा कामचुकार नव्हता. सांगितलेलं काम तो करायचा. अडचण एवढीच, की तो सांगितलेलंच करायचा. 'इथंच थांब' म्हटलं की थांबायचा, आणि 'आता चल' म्हणायला कुणी विसरलं तर संध्याकाळी त्याला शोधायला जावं लागायचं. 'पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी दे' असं सांगितलं, तर तहानलेल्या पाहुण्याला तो त्या तांब्यातलं घोटभरही प्यायला द्यायचा नाही. ते पाणी हातापायांचं होतं.

त्याची बायको कौतिका. चटपटीत, बोलकी, आणि आतून फार मायाळू. अशा नवऱ्याबरोबर संसार करायचा म्हणजे हसत राहावं लागतं, हे तिनं लग्नानंतर लगेच ओळखलं आणि पुष्कळ वर्षं ती हसत राहिली. पण दिवाळी झाली आणि तिला सडकून ताप भरला. सदोबा उशाशी उभा. चहा करू का? काढा करू का? पाय चेपू का? डोकं चेपू का? आधी पाय चेपू आणि मग डोकं, का आधी डोकं? शेवटी कौतिका वैतागून म्हणाली, "मला काही नको. मला एकटीला राहू द्या."

सदोबानं नीट विचार केला. आपण घरात आहोत तोवर ही एकटी नाही. म्हणून तो बाहेर पडला. मग त्याच्या लक्षात आलं की घरात कोंबड्या आहेत. त्या त्यानं नेल्या. मांजर नेलं. देव्हाऱ्यापाशी तो जरा घुटमळला, पण देव म्हटले तरी ते चारपाच होतेच. त्यांनाही टोपलीत घालून तो गोठ्यात जाऊन बसला. कौतिका आतून पाण्यासाठी हाका मारत राहिली. सदोबा त्या हाका ऐकत होता आणि कोंबड्यांना सांगत होता, "गप बसा गं. तिला एकटीला ऱ्हायचंय."

ताप उतरला. कौतिका उठली, तिनं देव परत जागेवर ठेवले, त्यांना नमस्कार केला आणि गाठोडं बांधलं.

"मी बोलले तेवढं तुमी ऐकलंत," ती म्हणाली. "मला काय म्हणायचं होतं ते कधी ऐकलंय का?"

"न्हाई बोललीस ते कसं ऐकू यील?" सदोबानं विचारलं.

"तेच शिकून या. ऐकायला शिका, न् मग मला न्यायला या. संक्रांतीचं हळदीकुंकू मला माझ्या घरात करायचंय. तोवर आलात तर येईन. न्हाई तर मग येऊच नका."

आणि कौतिका ओढ्यापलीकडं धामणवाडीला, आपल्या माहेरी निघून गेली.

घर रिकामं झालं. सदोबाला फार वाईट वाटलं. भाकरी करपायची आणि करपली म्हणून ओरडायलासुद्धा कुणी नसायचं. तो सरळ सरपंचांकडं गेला आणि म्हणाला, "सरपंच, ऐकायला कुठं शिकिवत्यात?"

योगायोग बघा. त्याच सुमाराला तालुक्याच्या गावी समुपदेशनाचा एक वर्ग निघाला होता. दुःखी माणसाचं म्हणणं ऐकून घेणारा, त्याला धीर देणारा एक माणूस प्रत्येक गावात तयार करायचा, आणि त्यासाठी गावानं एकेक शहाणा माणूस पाठवायचा, असं वरून सांगणं आलं होतं. गावातल्या सगळ्या शहाण्यांनी आपल्याला वेळ नसल्याचं कळवलं होतं. सरपंचांनी सदोबाकडं पाहिलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तूच जा."

वर्ग दर बुधवारी भरायचा. शिकवायला दमयंतीबाई होत्या. बाई विद्वान, आवाज साखरेसारखा गोड, आणि राग कधी आला नाही असा त्यांचा लौकिक. सदोबा पुढच्या बाकावर बसला. बाई जे सांगतील ते विसरू नये म्हणून एकेक धडा ऐकला की तो उपरण्याला एक गाठ मारायचा.

पहिल्या बुधवारी बाई म्हणाल्या, "समोरचा माणूस बोलत असेल तर त्याला मध्ये तोडायचं नाही. त्याला पुरतं बोलू द्यायचं. आपण मान हलवायची आणि 'हं' म्हणायचं. बस."

सदोबानं गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो अंगणात बसला होता. तेवढ्यात शेजारचे गेनूआबा लांबून हातवारे करत आले. "सदोबा! तुझी शेळी माझ्या हरभऱ्यात शिरलीय!"

सदोबानं मान हलवली. "हं."

"आरं हं काय? खातीया ती!"

"हं."

"कवळा घाटा हाय रं! पार निम्मं रान बोडकं केलं!"

माणूस किती मनापासून बोलतोय, सदोबाला वाटलं. अशा माणसाला तोडणं पाप. त्यानं अधिकच हळुवार मान हलवली आणि म्हणाला, "हं." गेनूआबांचा घसा बसला. शेळीचं पोट भरलं. दोघंही एकदमच थांबले.

पुढच्या बुधवारी सदोबानं ही हकीकत वर्गात सांगितली. बाई क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सदोबा, अहो, नुसतं 'हं' करून कसं चालेल? आपण ऐकलं हे त्या माणसाला कळायला नको का? तो जे बोलला तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. त्याच्या मनात काय चाललंय तेही सांगायचं. म्हणजे त्याला बरं वाटतं."

"असं व्हय," सदोबा म्हणाला आणि त्यानं दुसरी गाठ मारली.

वर्ग सुटल्यावर तो वडापच्या जीपमध्ये बसला. जीपचा ड्रायव्हर श्रीपती. सकाळपासून गाडी तापलेली, आणि गाडीपेक्षा श्रीपती जास्त.

"कुठं उतरायचं?" श्रीपतीनं विचारलं.

"मी कुठं उतरणार ते तुमाला जाणून घ्यायचंय," सदोबा म्हणाला.

"व्हय. म्हणून तर इचारलं."

"इचारलंय तर उत्तर मिळावं, असं तुमाला वाटतंय."

श्रीपतीनं आरशातून मागं बघितलं. "माझी टिंगल करतोस का रं?"

"मी तुमची टिंगल करतोय असं तुमाला वाटतंय. त्यानं तुमचं डोकं फिरतंय."

"हितंच उतरवीन, सांगून ठेवतो!"

"मला हितंच उतरवावं, असं तुमच्या मनात येतंय."

श्रीपतीच्या मनात आलं होतं तेच श्रीपतीनं केलं. आजूबाजूला नुसता माळ होता. सदोबा दिवस मावळेपर्यंत चालत राहिला, पण मनातून खूष होता. कारण त्या माणसाच्या मनातलं त्यानं एकही चुकू दिलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी बाईंनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "अहो, तो बिचारा दिवसभर गाडी चालवून दमलेला! तुम्ही त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला हवं होतं. हे सगळ्यात महत्त्वाचं. कुणी घाबरलेला असो, चिडलेला असो, आधी त्याच्या जागी स्वतःला ठेवायचं. मग सगळं कळतं."

सदोबानं तिसरी गाठ मारली, आणि ती जरा घट्ट मारली.

मार्गशीर्षात गेनूआबांच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगा म्हणजे रंगा पहिलवान. पंचक्रोशीत कुस्त्या मारणारा गडी. पण मुंडावळ्या बांधल्या आणि त्याचे पाय लटपटायला लागले. मांडवाच्या मागं जाऊन तो घाम पुसत उभा राहिला. तिथं सदोबा पत्रावळी मोजत होता.

"सदोबाकाका," रंगा म्हणाला, "माझ्या पोटात गोळा आलाय. पळून जावंसं वाटतंय बघा."

माणूस घाबरलेला होता. सदोबानं पत्रावळी खाली ठेवल्या. रंगाच्या डोक्यावरच्या मुंडावळ्या काढून आपल्या डोक्याला बांधल्या, त्याचा शेला आपल्या खांद्यावर घेतला, आणि मांडवात जाऊन नवरदेवाच्या पाटावर उभा राहिला.

नवरीकडच्या लोकांनी अंतरपाट धरला होता. पलीकडं नवरी हार घेऊन खाली मान घालून उभी. भटजींना मागच्या चुलींच्या धुरानं धड दिसत नव्हतं, आणि नवरदेव बघण्याचं त्यांचं कामही नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली. वऱ्हाडी अक्षता टाकायला लागले. सदोबाचे पाय लटपटायला लागले. त्याच्या पोटात गोळा आला. बाई म्हणाल्या होत्या ते शब्दन् शब्द खरं होतं. सगळं कळत होतं!

'सावधान' झालं. अंतरपाट बाजूला झाला. नवरीनं हार उचलला, वर बघितलं, आणि हार तसाच मागं घेतला.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

त्यानंतर मांडवात जे झालं ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. गेनूआबांचा आत्ता कुठं सुटलेला घसा पुन्हा बसला. मुहूर्त टळायच्या आत खरा नवरदेव पाटावर आला, लग्न लागलं, एवढं मात्र बरं झालं. पण बातमी ओढा ओलांडून धामणवाडीला गेली, आणि तिथं पोचेपर्यंत तिचा आकार बदलला. सदोबा दुसऱ्या लग्नाला उभा राहिला, अक्षतासुद्धा पडल्या, असं कौतिकाला कळलं.

तिचा निरोप आला : "संक्रांतीच्या आत काय ते एकदाच या. मला विचारायचंय. माझे भाऊ काठ्यांना तेल लावून बसलेत, तेही सांगून ठेवते."

सदोबाला रात्रंदिवस तेवढाच घोर लागला. कौतिका आता येते का नाही? आपण शिकतोय ते पुरेल का?

बुधवारी बाईंचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. इतका गोड की बाकीचे विद्यार्थी घाबरले. "सदोबा," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जागी मनानं जायचं. अंगानं आपण आपल्याच जागी राहायचं. आणि आता तुम्ही कुणासाठी काही करूच नका. सल्लासुद्धा देऊ नका. प्रत्येक माणसाचं उत्तर त्याच्याच आत असतं. आपण फक्त विचारायचं, 'तुम्हाला काय वाटतं?' ते उत्तर त्याचं त्यालाच सापडतं."

हे फार सोपं होतं. चौथी गाठ मारून सदोबा घरी आला.

दोनच दिवसांनी गेनूआबांची म्हैस अडली. तालुक्याहून गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून निघाला. गावाबाहेर दोन रस्ते फुटतात. एक गावात येतो, दुसरा नदीच्या चिखलात, रेंद्यात जातो. त्या फाट्यावर सदोबा बसला होता.

"ओ, कवठेवाडीला कुठला रस्ता?" डॉक्टरनं गाडी न थांबवता विचारलं.

सदोबाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "तुमाला काय वाटतं?"

डॉक्टरनं गाडी थांबवली. "मला काय वाटायचंय? मी इथं नवा आहे."

"उत्तर तुमच्या आतच हाय," सदोबा मायेनं म्हणाला.

"अहो, तिकडं म्हैस अडलीय!"

"हं."

डॉक्टरनं दोन्ही रस्त्यांकडं पाहिलं. "डावीकडं असेल," तो म्हणाला.

"तुमाला डावीकडं जावंसं वाटतंय," सदोबा म्हणाला, आणि त्यानं त्याला हात हलवून निरोप दिला.

डॉक्टर कमरेपर्यंत रेंद्यात रुतला. मोटारसायकलचा नुसता आरसा वर राहिला. लोकांनी दोर लावून दोघांना बाहेर काढलं तोवर म्हैस मोकळी झाली होती आणि रेडकू उठून उभं राहिलं होतं. म्हशीनं कुणालाच काही विचारलं नव्हतं. गेनूआबा मात्र आता सदोबाला बघितलं की घरात शिरून कडी घालायचे.

"रस्ता ठाऊक होता ना तुम्हाला?" पुढच्या बुधवारी बाईंनी विचारलं. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं.

"व्हय की. माझ्याच गावाचा रस्ता."

"मग सांगायचा की हो! कुणी सरळ काही विचारलं आणि आपल्याला ते ठाऊक असलं, तर मनात दडवून ठेवू नये. मोकळेपणानं सांगून टाकावं!"

"असं व्हय," सदोबा म्हणाला. पाचवी गाठ.

त्या आठवड्यात गावची जत्रा होती. कुस्त्यांचा फड होता. शेवटची मानाची कुस्ती रंगा पहिलवानाची, बाहेरगावच्या एका दांडग्या मल्लाबरोबर. आदल्या दिवशी रंगा सदोबाच्या घरी आला. गावानं ऐकायला नेमलेला माणूस हाच, म्हणून दार लावून घेऊन हळूच बोलला, "काका, कुणाला सांगू नका म्हणून सांगतो. मला वाघाचं भ्या वाटत न्हाई. पर पाल दिसली की माझं हातपाय गळत्यात बघा. नव्या नवरीला कळलं तर काय म्हनंल?"

"पालीचं तुला भ्या वाटतं," सदोबा म्हणाला. "हं." रंगा हलका होऊन घरी गेला.

सकाळी त्या बाहेरगावच्या मल्लाचा वस्ताद फिरत फिरत सदोबापाशी आला. आला सहजच, पण डोळे बेरकी. "काय पाव्हणं," तो म्हणाला, "तुमच्या पहिलवानाला जगात कशाचं भ्या वाटतं का न्हाई?"

सरळ विचारलं होतं. आणि सदोबाला ठाऊक होतं. रंगा 'सांगू नका' म्हणाला होता खरा, पण बाई 'सांगून टाका' म्हणाल्या होत्या, आणि बाई शिकलेल्या होत्या.

"पालीचं," सदोबानं मोकळेपणानं सांगून टाकलं.

संध्याकाळी कुस्ती लागली. हलगी वाजली. मल्लांनी हात मिळवले. मिळवता मिळवता समोरच्यानं मुठीत आणलेलं काहीतरी रंगाच्या खांद्यावर ठेवलं, आणि ते रंगाच्या मानेवरून चालायला लागलं. रंगानं एकच किंकाळी फोडली आणि तो पंचाच्या खांद्यावर चढून बसला. पंच खाली पडला. त्या रात्री गावात कुस्तीचा निकाल कुणी कुणाला विचारला नाही. नवी नवरी मात्र खुदुखुदू हसत होती म्हणतात.

संक्रांतीच्या आधीचा शेवटचा बुधवार आला. बाईंनी सगळं ऐकलं. मग त्या उठल्या, सदोबासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"सदोबा. मागचं सगळं विसरलात तरी चालेल. हे एक विसरू नका. माणूस आपल्याला विश्वासानं मनातलं सांगतो. ते या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. ज्या खोलीत ऐकलं, त्या खोलीतच ते राहिलं पाहिजे. काही झालं तरी ते खोलीच्या बाहेर जाता कामा नये. मी काय सांगितलं?"

"ज्या खोलीत ऐकलं त्या खोलीतच ऱ्हायला पायजे," सदोबा म्हणाला. "काही झालं तरी खोलीच्या भाईर जाता कामा नये."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सहावी गाठ मारून झाल्यावर उपरण्याला जागाच उरली नाही.

भोगीच्या दिवशी सकाळी सदोबा धामणवाडीला गेला. अंगणात दोन मेव्हणे काठ्या घेऊन उभे होते. सासरे ओट्यावर. सासूबाई चुलीपाशी बाजरीच्या भाकरी थापत होत्या. इथं चुकलं तर पुन्हा बुधवार नव्हता.

"थांबा," कौतिका भावांना म्हणाली. "आधी मी बोलते. मग तुमचं."

ती त्याला मधल्या खोलीत घेऊन गेली आणि तिनं दार लोटलं. सदोबा खाली बसला. त्यानं उपरणं मांडीवर घेतलं आणि पहिल्या गाठीवर बोट ठेवलं.

कौतिका बोलायला लागली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. सदोबा मध्ये बोलला नाही. "हं," तो म्हणाला. त्याचं बोट दुसऱ्या गाठीवर गेलं.

"न् वर दुसऱ्या लग्नाला उभे राहिलात म्हणं!"

"लगीन रंगाचं लागलं, पर मी दुसरी बायको करतोय, असं तुला वाटलं," सदोबा म्हणाला. "तुला लई वाईट वाटलं."

"वाईट? घास उतरंना मला."

"हं."

तिसरी गाठ. सदोबा मनानं तिच्या जागी गेला. अंगानं आपल्याच जागी बसून राहिला. खाटेवर आपण पडलोय, अंग भाजतंय, घशाला कोरड पडलीय, हाका मारतोय, आणि घरात कोंबडीसुद्धा नाही. सदोबाला एकदम गलबलून आलं.

"मी म्हणाले, एकटीला राहू द्या..." ती रडायला लागली. तो तिला गप्प कर म्हणाला नाही. सल्लाही दिला नाही. ती रडायची थांबेपर्यंत बसून राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "तू जा म्हणालीस. पर तुला बस म्हणायचं हुतं."

हे वाक्य सदोबाच्या तोंडातून कसं आलं ते मला विचारू नका. तो स्वतःसुद्धा दचकला. कौतिकानं पदर तोंडाला लावला.

"कळलं की हो तुमाला!" ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. "चला. आपल्या घरला जाऊ."

मग काय विचारता! मेव्हण्यांनी काठ्या टाकून बैल जुंपले. सासूबाईंनी भोगीची भाजी, भाकरी आणि तिळगूळ बांधून दिला. सासऱ्यांनी डोळे पुसले. कौतिका कपाळाला ठसठशीत कुंकू लावून गाडीत बसली. सगळे सदोबाची वाट बघायला लागले.

सदोबा येईना.

कौतिका गाडीतून उतरून परत आत गेली. सदोबा मधल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत, दोन्ही हातांनी चौकट धरून उभा होता.

"अहो, चला की."

"मला येता यायचं न्हाई," सदोबा म्हणाला. "तू जे बोललीस ते मी ह्या खोलीत ऐकलंय. ते ह्या खोलीतच ऱ्हायला पायजे."

"मग राहू द्या की हितं. तुमी चला!"

"ते माझ्या पोटात हाय. मी भाईर आलो की ते भाईर आलं."

सासरे म्हणाले, "जावईबापू, ती बोलली ते विसरून जावा आन् निघा."

"विसरलो तर मी ऐकलंच न्हाई असं व्हईल," सदोबा म्हणाला. "मग ती माझ्यासंगं येणारच न्हाई."

मेव्हण्यांनी एकेक हात धरून ओढून बघितलं. चौकट हलली, सदोबा हलला नाही. शेवटी धाकट्या मेव्हण्यानं दमयंतीबाईंना फोन लावला आणि तो सदोबाच्या कानाला धरला.

"सदोबा," बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगते, तुम्ही खोलीच्या बाहेर या."

"बाई," सदोबा हळूच म्हणाला, "सल्ला द्यायचा नसतो."

मग बाई म्हणाल्या, "हं." आणि फोन बंद झाला.

कौतिकानं कमरेवर हात ठेवले. तिला राग आला होता. हसूही येत होतं. आपलं बोलणं आजवर कुणी एवढं जपलं नव्हतं, हेही तिला कुठंतरी कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि हळदीकुंकू तिला तिच्या घरात करायचं होतं. ती गाडीत बसली आणि भावाला म्हणाली, "हाक." सदोबानं खिडकीतून हात हलवून तिला निरोप दिला. मग हात खोलीच्या बाहेर गेल्याचं लक्षात आलं, तसा त्यानं तो पटकन आत घेतला.

संक्रांतीला कौतिकाच्या घरी गावभरच्या बायका जमल्या. हळदीकुंकू झालं, वाण वाटून झालं. रंगा पहिलवानाची नवी नवरीही आली होती. तीच पुढं होऊन म्हणाली, "काकू, आमचे सदोबाकाका दिसंनात ते कुठं? बरं ते राहू द्या, आधी नाव घ्या बघू!"

बायकांनी गलका केला. नाव घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कौतिकानं पदर सारखा केला, एकदा धामणवाडीच्या दिशेनं पाहिलं, आणि नाव घेतलं :

"हळदीचं बोट, कुंकवाची चिरी,
मी नांदते माझ्या सासरी, सदोबाराव नांदतात त्यांच्या सासरी."